रंगाऱ्याचा शब्द

"शब्द घेतलास की सांभाळायचा. ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि परत करायला त्याच्या दारात जावं लागलं, तरी जायचं. कबूल?"

दादाने हे रुग्णालयाच्या खाटेवरून विचारलं होतं आणि ताई 'कबूल' म्हणाली होती. त्यानंतर दादा गेला, त्याला दोन वर्षं झाली. आज चष्म्याच्या दुकानात, भिंग पुसायचं फडकं हातात तसंच धरून ती संगणकाकडे बघत होती. पडद्यावर आकडा होता एकशे एक.

"शंभरच चालणार, आत्या," दादाची मुलगी म्हणाली. "सहा वाजले की यंत्र शेवटचा शब्द आपोआप उडवणार."

दादाने स्वतः दारू सोडल्यावर, सोडलेल्यांसाठी आणि सोडू पाहणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक गट काढला होता. आत येणाऱ्याने एकच गोष्ट द्यायची. जो वाचला की पाय गुत्त्याकडे वळतात, असा एक शब्द. तो यादीत जाई आणि पुढे कुणीही लिहिला, तर संदेश चाळणीत अडके. ताई रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अडकलेले संदेश वाची, 'दुसऱ्या शब्दांत लिहा' असं कळवी. हा नेम तिने तापातही मोडला नव्हता.

कुणाचा शब्द 'पगार', कुणाचा 'सासरे'. मग सगळे बिनबोभाट 'बायकोचे वडील' लिहीत. रंगाऱ्याचा शब्द होता 'संध्याकाळ'. भिंती रंगवून शिडीवरून उतरायची ती वेळ. त्याच्यासाठी तीनशे माणसं 'दिवेलागणीला' लिहीत आली, 'पाचनंतर' लिहीत आली. एका पोस्टमनने तर 'दुपारची धाकटी बहीण आली, तेव्हा घरी पोचलो' असं लिहून सगळ्यांना हसवलं होतं. ज्याचं तोंडही पाहिलं नाही, त्याच्यासाठी तीनशे जणांनी रोजच्या वापरातला शब्द गिळायचा! ताईला याचा जितका अभिमान होता, तितका स्वतः घासलेल्या भिंगांचाही नव्हता.

आता गट जिच्या संकेतस्थळावर चाले, त्या कंपनीने फर्मान काढलं होतं, गटाची स्वतःची यादी शंभरांवर नको. ताईने आठ दिवसांत एकेकाला विचारलं. दोनशे अकरा जणांनी 'माझा मोकळा करा' म्हणून कळवलं. मोकळा झालेला शब्द त्या दिवशी सगळ्यांनी एकदा लिहायचा, ही दादाची रीत. त्यामुळे आठवडाभर गट नुसता दणाणत होता. 'पगार!' 'पगार झाला!' 'पगार, आणि घरी आणला!' नव्याण्णव जणांनी 'अजून नको' म्हटलं, तेही न लाजता. उरले दोन, दादाचा आणि रंगाऱ्याचा.

आणि यादीत शेवटचा शब्द होता एका शाळेतल्या बाईंचा. त्यांना दारू सोडून पाचच दिवस झाले होते.

"बाबांचा काढ," भाची म्हणाली. "मी मुलगी आहे ना, मी सांगते."

"त्याला विचारता येत नाही."

"मग रंगाऱ्याचा. 'बरं, येतो मी' म्हणून गट सोडून गेला, त्याला चार महिने झाले. परत प्यायला लागला असणार."

"तसं असेल, तर त्याला तो जास्तच लागेल."

"बाबा परवडले! हट्टीपणात त्यांच्या वरताण आहेस तू."

"त्याच्याच पाठची आहे. बघ, रंगाऱ्याने जाण्याआधी काय लिहिलं होतं ते. सगळीकडे शोध."

भाचीने एकेक कप्पा उघडला. तळाशी एक कप्पा निघाला, 'नाकारलेले'. कंपनीने चार महिन्यांपूर्वी चाळणी बदलली होती आणि तेव्हापासून अडकलेले संदेश ताईकडे न येता थेट तिथे जात होते. ताईने फडकं खाली ठेवलं. चार महिने रोज सकाळी रिकामा पडदा बघून तिने गटाची पाठ थोपटली होती, 'मंडळी, आजही एक चूक नाही!'

आत तेवीस संदेश होते. बावीस जणांनी आपली चूक ओळखून पुन्हा लिहिलं होतं. एकाने नव्हतं.

'ताई, आज हजार दिवस झाले. माझा शब्द आता मला चालतो. संध्याकाळ. बघा, लिहिला! आता तुम्ही सगळे लिहा, मी वाट बघतो.'

शब्द मोकळा करायला सांगताना तो लिहायचा नाही, फक्त यादीतला क्रमांक कळवायचा, हे त्याला ठाऊक होतं. आनंदाच्या भरात विसरला. दोन दिवस वाट बघून, कुणीच लिहिलं नाही म्हणून तो गेला होता.

"हजार दिवस," भाची हळूच म्हणाली. "आणि मी म्हटलं, पीत असेल."

ताईने यादीतला शब्द काढला. आकडा शंभरावर आला. मग तिने गटाला लिहिलं, 'रंगाऱ्याला हजार दिवस झाले, तेव्हा चार महिन्यांपूर्वीच त्याने आपला शब्द मागितला होता. चूक माझी. आज लिहा.'

लगेच पोस्टमनचं आलं, 'संध्याकाळ. धाकट्या बहिणीला नाव मिळालं एकदाचं.' मागोमाग रांगच लागली. शाळेतल्या बाईंनीही लिहिलं, 'हे रंगारी कोण, मला माहीत नाही. हजार दिवस होतात, एवढं कळलं. संध्याकाळ.'

"एकशे चाळीस झाले, आत्या! कळव ना त्याला."

"गट सोडताना नंबरही बदललाय त्याने." ताईने गिऱ्हाइकांच्या कार्डांचा खण ओढला. रंगाऱ्याने तीन वर्षांपूर्वी टपालाने जवळचा चष्मा करून घेतला होता. कार्डावर पत्ता होता. "छाप हे सगळे. एकही गाळू नकोस."

"दोन तासांचा रस्ता आहे. आणि त्याने दार नाही उघडलं तर?"

"पायरी तर असेल ना बसायला."

छापलेल्या कागदांच्या घड्या तिने चष्म्याच्या एका मोठ्या डबीत बसवल्या, डबी पिशवीत ठेवली. बाहेर येऊन दाराची पाटी उतरवली. लवकर निघायचं असलं की ती त्यावर 'पाचनंतर बंद' लिही. तीन वर्षांची सवय. हात तेच लिहू लागला आणि थांबला. तिने अक्षरं बोटाने पुसली, खडूने ठळक लिहिलं, 'आज संध्याकाळी दुकान बंद', आणि पाटी अडकवून ती बस थांब्याकडे चालू लागली.