रक्तातला कच्चा कैदी

"वैद्यकशास्त्रापासून आता शरीरातलं काहीही लपून राहत नाही," असं डॉक्टर अनंतांनी जाहीर केलं आणि ते टेबलाखाली वाकून आपली डाव्या पायाची चप्पल शोधू लागले.

समोर दादामियाँ बसले होते. येरवड्यातले शिंपी. मांडीवर बायकोची काळी छत्री. चप्पल त्यांनीच पायाने पुढे सरकवली.

"रिपोर्ट काय म्हणतो, डॉक्टरसाहेब?"

"दहा वर्षांपूर्वी म्हणत होता तेच."

तेव्हा बोटं सुजली म्हणून रक्त तपासलं, तर त्यात स्वतःच्याच शरीरावर उलटणारी प्रतिपिंडं निघाली. सूज उतरली, प्रतिपिंडं राहिली. "अशी धडधाकट माणसांतही सापडतात. पुढे आजार होईल, न होईल. उन्हात फार जाऊ नका, एवढंच," डॉक्टर म्हणाले होते.

"म्हणजे कच्चा कैदी," दादामियाँची बायको हुस्नबानू म्हणाली. ती तुरुंगाच्या भिंतीशेजारीच वाढलेली. "गुन्हा शाबीत नाही, पण सुटकाही नाही."

डॉक्टरांचं 'एवढंच' तिला पुरेना. त्या दिवसापासून दुकानाचं शटर ती उचलू लागली, कापडाचे गठ्ठे ती आणू लागली. दादामियाँ दुपारी नमाजला निघाले की मशिदीच्या दारापर्यंत ही छत्री धरून बरोबर. गल्लीतली पोरं ओरडायची, "नवाबसाहेब निघाले!"

"निघणारच! तुमच्या बापाला धरतं का कुणी छत्री?" हुस्नबानू उलट ओरडायची.

गेल्या महिन्यात शटर उचलतानाच तिच्या छातीत कळ आली आणि ती तिथेच गेली. तिचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं.

"तर मला आजार आहे का नाही?" दादामियाँनी विचारलं.

"आज तरी काही खूण नाही. पण या रिपोर्टचा अर्थ ठामपणे सांगता येत नाही."

"आहे म्हणा ना."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, लोक 'नाही म्हणा' म्हणून हात जोडतात."

"नसेल, तर तिने एवढं केलं ते कशासाठी?"

"तिने जपलं म्हणूनही झाला नसेल."

"नक्की?"

खोटं बोलायला डॉक्टरांचं काहीच जात नव्हतं. "नक्की नाही," ते म्हणाले.

दादामियाँनी ब्लाऊजपीस घडी करावा तसा रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. दारापर्यंत गेले. बाहेर टळटळीत ऊन होतं. थोडा वेळ तिथेच उभे राहिले, मग मागे आले आणि छत्री पुढे केली.

"एवढी उघडून देता का, डॉक्टरसाहेब? खटका अडतो. मला कधी उघडावीच लागली नाही."