दुसरा घोट

पिकलेल्या वेलची केळ्यांचा आणि लवंगेचा वास एकत्र दरवळला, की मला अक्का आठवते; मग समोर गव्हाच्या बिअरचा पेला असो नाहीतर सत्यनारायणाचा शिरा. देवाधर्माच्या माणसांनी क्षमा करावी, पण माझ्या नाकाला यात फारसा फरक करता येत नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जे. पी. नगरमधल्या एका लहानशा ब्रूअरीत बिअर घडवते. घडवते हा तिचाच शब्द. बनवतात ते बिल, बिअर घडवावी लागते, असं ती म्हणते.

गव्हाशी तिचं नातं जुनं. राजाजीनगरच्या आमच्या गच्चीवर आई कुरडयांसाठी गहू भिजत घालायची, तेव्हा त्या आंबटसर, दुधाळ वासाच्या पातेल्यावर रोज जाऊन वाकणारी ही मुलगी होती. उन्हाळ्याच्या कोवळ्या उन्हात, सैल सुटलेल्या वेणीसकट ती त्या पाण्याला कान लावून बसल्यासारखी दिसे. ‘झालं गं आई, आता वाट,’ असं ती म्हणाली, की आई खरंच गहू वाटायला घ्यायची. आजही तिच्या पेल्यातली धूसर, सोनेरी बिअर उजेडात धरली, की मला गव्हाचा चीकच दिसतो.

आमच्या घरी नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाकाची चव घेत नाहीत. मीठ वासावरून ओळखायचं, गोडाचा अंदाज हाताने घ्यायचा. अक्का पुढे रसायनशास्त्र शिकली, पोलादी टाक्यांच्या राज्यात गेली, पण ही सवय काही तिने टाकली नाही. सहकारी चाखत, आकडे वाचत. ही नुसता वास घेई, फेस फुटण्याचा बारीक आवाज ऐके, आणि पहिला पेला अण्णांपुढे ठेवी. अण्णा म्हणजे आमचे वडील. एरवी कॉफीपलीकडे न जाणारा हा माणूस लेकीच्या बिअरचा न्यायाधीश कसा झाला, हे कोडं आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

आणि न्याय तरी कसा! ब्रूअरीतल्या खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून ते थंडगार पेला दोन्ही तळव्यांत धरत, गरम कॉफीवर घालावी तशी फेसावर हलकी फुंकर घालत, एक घोट घेत आणि बाहेरच्या झाडाकडे बघत राहत. बोलता बोलता, बघता बघता त्यांचा हात आपसूक दुसऱ्या घोटासाठी उठला, की बिअर पास. एकदा मात्र पहिल्या घोटानंतर त्यांनी पेला हळूच खाली ठेवला आणि हवेचं फार कौतुक केलं. जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडवटपणा अक्काच्या नाकाला कळलाच नव्हता. तिने अख्खी टाकी ओतून दिली आणि आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. त्यानंतर तिने गव्हाला हात लावला नाही. शेवटी मालकांनी फारच आग्रह केला, तेव्हा एक टाकी घातली, आणि परवा मला फोन केला. ‘रविवारी ये. संध्याकाळी गिऱ्हाइकांसाठी नळ उघडायचाय. ही नाही जमली तर गहू बंद माझा, कायमचा.’ तिच्या आवाजात रडू नव्हतं. म्हणूनच मला भीती वाटली.

व्हाइटफील्डहून शहर ओलांडून मी पोचलो, तेव्हा खिडकीबाहेरचं झाड गुलाबी फुलांनी लगडलं होतं आणि सकाळचं ऊन जमिनीवर निवांत पसरलं होतं. अक्काने मला त्या वेताच्या खुर्चीत बसवलं. पेला हातात दिला आणि पदर नसतानाही पदराला हात पुसावा तसे हात पुसत समोर उभी राहिली.

मी घोट घेतला. केळं, लवंग, मागाहून भाजलेल्या पोळीसारखी ऊबदार चव. ‘छान आहे,’ मी म्हणालो.

‘छान काय रे? लग्नात जेवून उठताना म्हणतात ते.’

आता माझी पंचाईत झाली. दुसरा घोट मला हवा होता, पण तो बिअरसाठी की तिच्या उतरलेल्या चेहऱ्यासाठी, हे माझं मलाच उमगेना. तिच्या मायेपोटी मी पेला उचलला असता, तर ती खोटी साक्ष झाली असती. पेल्यासकट माझा हात गुडघ्यावर दगडासारखा पडून राहिला.

‘दे इकडे,’ ती वैतागून म्हणाली. ‘पेला असा धरतात? अण्णा बघ कसे धरायचे.’ तिने तो दोन्ही तळव्यांत घेतला, फुंकर घातली आणि घोट घेतला. ‘मग ते त्या झाडाकडे बघायचे. स्वल्प थांब, म्हणायचे, फुलं पडू देत. मी इथे निकालाची वाट बघत उभी, आणि यांना फुलं सुचताहेत!’ ती हसली, झाडाकडे वळली. एक फूल गिरकी घेत खाली आलं. ते जमिनीला टेकेपर्यंत ती बघत राहिली, आणि बघता बघता तिने पेला उचलला, फेसावर पुन्हा फुंकर घातली, आणि प्यायली.

‘अक्का,’ मी म्हणालो, ‘दुसरा.’

ती थबकली. पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले, ओठांवर फेसाची पांढरी मिशी तशीच. मला इतका आनंद झाला, की मी लहानपणीसारखी टाळी वाजवली.

‘सरी,’ ती कानडीतलं ‘बरं’ एवढंच म्हणाली, आणि संध्याकाळच्या तयारीला नळाकडे गेली.

अण्णा कुठे गेले, हे मला अजून सांगता येत नाही. पण त्या सकाळी फेसावर दुसरी फुंकर कुणी घातली, हे कुणी विचारलं तर मी क्षणभरही अडखळणार नाही.