साबिराचं न दुखणारं दुखणं

दुखत होता फौजियाचा दात आणि दवाखान्यात निघालं होतं अख्खं घर. साबिराला पहिल्यापासून हेच उमगत नव्हतं.

शिवऱ्याहून भोरला जाताना तिच्या मुलाच्या, रियाजच्या टेम्पोत पुढं तो, त्याची बायको नुजहत आणि तिच्या मांडीवर सात वर्षांची फौजिया. मागं हौद्यात चादर अंथरून साबिरा आणि तिचा नवरा अल्लाउद्दीन.

निघताना साबिरा सुनेला म्हणाली होती, "पोरीला न्या की. आमाला कशाला? माझं तर कायच दुखत न्हाई."

"अम्मी, दुखायच्या आधीच बघून घ्यायचं असतंय. शाळेत डॉक्टर आल्ते, ते म्हनले घरातल्या सगळ्यांनी दाखवा."

"न दुखणारा दात दाखवायचा तरी कसा?" साबिरानं विचारलं. अल्लाउद्दीन हसला आणि हौद्यात चढला.

दवाखाना लहानसा होता. डॉक्टर स्नेहल तिशीच्या असतील. त्यांनी आधी फौजियाला खुर्चीत घेतलं. खालच्या दाढेला भोक पडलेलं होतं. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला आणि विचारलं, "हे काळं काय भरलंय?"

नुजहतनं सासूकडं पाहिलं. साबिराला लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

"मिश्री हाय. लई रडत व्हती. म्या चिमूटभर दाबली. थांबली की लगीच."

"किती वेळा?"

"असंल चार-पाच येळा."

"आजी, मिश्री म्हणजे तंबाखूच."

"भाजल्याली हाय की!" साबिरा म्हणाली. तव्यावर काळी होईस्तोवर भाजल्यावर तंबाखूत तंबाखूपण उरतं कुठं, असं तिला खरोखरच वाटत होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. पोरगी झोपताना काय खाते-पिते, एवढंच त्यांनी विचारलं. ते उत्तरही साबिराकडंच होतं. साखर घातलेलं दूध, वर दोन बिस्किटं, रोज अंथरुणात. नात दूध पिता पिता झोपून जायची, ते बघून साबिराला बरं वाटायचं. आता डॉक्टर सांगत होत्या, की ती साखर रातभर दातांवर बसते आणि दात किडतात. साबिरा घाईघाईनं म्हणाली, "पर दुधाचाच दात हाय न्हवं? पडनारच की."

"पडेल, पण दहा-अकरा वर्षांची झाल्यावर. तोवर मागून येणाऱ्या दाताची जागा त्यानं धरून ठेवायची असते. म्हणून त्याला वाचवायचं."

पडणाऱ्या दाताला वाचवायचं! साबिरानं मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

मग रियाज झाला, त्याच्या दोन दाढा किडायला लागलेल्या. नुजहतच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. अल्लाउद्दीन जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, दात पिवळे, वाकडे, एक तर नाहीच. याचे सगळेच काढतील, असं साबिराला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "कीट चढलंय, ते साफ करू. बाकी ठीक आहे." म्हातारा खुर्चीतून उतरला तो छाती काढूनच.

साबिराचे दात एकसारखे, घट्ट. ती जरा ऐटीतच बसली. डॉक्टरांनी तिचा खालचा ओठ ओढला, कापसानं आतून पुसला आणि पुन्हा पाहिला. पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

"तिखट खाल्लं की आग होते का इथं?"

"न्हाई."

"दुखतं?"

"न्हाई वो. कायच न्हाई."

"मिश्री इथंच धरता?"

"व्हय."

डॉक्टरांनी आरसा हातात दिला. ओठाच्या आत पांढरा डाग होता, भिंतीवरच्या चुन्याच्या पोपड्यासारखा. तो कधीपासून होता, साबिराला माहीत नव्हतं. ओठ उलटा करून कोण बघतं?

"हा डाग चांगला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वाईटच आहे, असंही मी म्हणत नाही. मिश्री आजपासून बंद. दोन आठवड्यांनी या. डाग गेला नाही, तर छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू."

चांगला नाही आणि वाईटही नाही. परतताना हौद्यात बसून साबिरा तेच मनात घोळवत राहिली. दुखणाऱ्या पोरीचं दाढ भरून अर्ध्या तासात निभावलं होतं, आणि जिला काही होत नव्हतं तिला परत बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्री नाही म्हणताना पोट साफ होईना. चहा पाण्यासारखा लागला. डोकं ठणकायला लागलं. जिनं आजवर सुनेवर कधी आवाज चढवला नव्हता, ती कपबशीवरून तिच्या अंगावर ओरडली. चौथ्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. मोरीपाशी बसून तिनं डबी उघडली आणि बोट तोंडात घातलं.

मागून फौजिया आली. "दादी, मला पण लाव ना."

"तुला कशाला? दाढ दुखतीया का?"

"न्हाई."

"मग?"

"बरं वाटतंय. जरा गरगरतंय, पण बरं वाटतंय."

साबिराचं बोट तोंडातच राहिलं. ती बारा वर्षांची असताना तिची दाढ दुखली होती आणि तिच्या आईनं अशीच चिमूट लावली होती. ती दाढ दुखायची केव्हाच थांबली. मिश्री मात्र पन्नास वर्षं चालू होती. कधी दुखणं संपलं आणि कधी सवय लागली, याचा तिनं आजवर विचारच केला नव्हता.

तिनं चूळ भरली, डबी मोरीत पालथी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मग आत जाऊन नुजहतला सगळं सांगितलं, नातीनं काय मागितलं तेही. नुजहत चिडेल असं तिला वाटलं होतं. नुजहतचं तोंड उतरलं, पण ती म्हणाली इतकंच, "आता दोघींवर लक्ष ठेवावं लागंल मला." आणि तिनं सासूच्या हातावर बडीशेप ठेवली.

दोन आठवड्यांनी डाग लहान झाला होता, पण गेला नव्हता. डॉक्टरांनी ओठ बधिर करून आतला तुकडा काढला. रिपोर्ट यायला दहा दिवस लागले.  त्या दहा दिवसांत नमाज झाल्यावर साबिरा जास्त वेळ बसून राहायची, आणि नेमकं काय मागावं हेच तिला सुचायचं नाही.

रिपोर्ट घ्यायला ती अल्लाउद्दीनबरोबर एसटीनं गेली. तो रस्त्याच्या कडेला थांबला, ती एकटी आत गेली.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आतल्या पेशी थोड्या बदलल्या आहेत. मिश्री लांब ठेवलीत, तर हे बहुतेक पुढं जायचं नाही. पण दर तीन महिन्यांनी बघावं लागेल."

"म्हंजी मी बरी हाय का आजारी?"

डॉक्टर म्हणाल्या, "आज आजारी नाही. पण बरी आहे म्हणून यायचं सोडलंत, तर आजारी पडाल."

साबिरा बाहेर आली. अल्लाउद्दीन पुढं सरकला. "काय म्हनल्या?"

"कॅन्सर न्हाई म्हनत्यात."

त्यानं डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. "मग झालं की!"

"झालं न्हाई. तीन म्हैन्यांनी परत यायचंय."

"का?"

"काय झालं न्हाई म्हनून."

 मग तिनं रिपोर्टचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि दोघं एसटी स्टँडकडं चालू लागले.