दोन हाका

त्यांचे लेख दर रविवारी पेपरात यायचे, पुस्तकं हातोहात खपायची. बुद्धाचा धम्म ते अगदी घरातल्या भाषेत सांगत. ध्यानवर्गात सगळे त्यांना सर म्हणत. चष्मा सापडला नाही की घर डोक्यावर घेणाऱ्या या माणसाला बायको मात्र 'शांतिसागर' म्हणायची.

वर्गाला येणाऱ्या एका नर्सने एकदा त्यांच्यापाशी मन मोकळं केलं होतं. आजारी आईने दुपारी तिला 'चिमणे' म्हणून दोनदा हाक मारली. ती शेजारच्या खोलीत जागीच होती, पण दमली होती, उठली नाही. तासाभराने आईपाशी गेली तेव्हा सगळं संपलं होतं. भावाला तिने सांगितलं, आई झोपेतच गेली.

नव्या पुस्तकात स्वतःला क्षमा करण्याबद्दल लिहिताना सरांनी ही हकिगत घातली. नर्सची शिक्षिका केली. 'चिमणे' मात्र तसंच ठेवलं. तिथे वाचकाच्या डोळ्यांत पाणी येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुस्तक आल्यावर पंधरा दिवसांनी ती वर्ग सुटल्यावर मागे थांबली.

"मी ते भावाला वाढदिवसाला दिलं, सर. तुमचं म्हणून न वाचताच दिलं."

सर चपापले. तरी म्हणाले, "मी नाव कुठेच घातलं नाही."

"आई मला काय म्हणायची ते त्याला माहीत आहे ना. बोलत नाही तो माझ्याशी."

चपला घालून ती निघून गेली. तिला थांबवायचं धाडस सरांना झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकाला फोन केला.

"अहो, तेच पान तर लोकांना सगळ्यात आवडलंय," तो म्हणाला.

सरांचे कान तापले. पुढच्या आवृत्तीत ते पान नको, एवढं बजावून त्यांनी फोन ठेवला आणि माफीचं पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडून त्यांनी अधिक हळवा शब्द घातला. वाक्य छान जमलं म्हणून ते मनात सुखावले, आणि ते लक्षात येताच त्यांना स्वतःची किळस आली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं.

"मग लिहीत काय बसलाय? जा ना तिच्याकडे."

नर्सच्या घराचं दार तिनेच उघडलं. आत या म्हणाली नाही.

"तुमची गोष्ट मी चोरली," सर म्हणाले. "तुम्हाला विचारावं असं मनात आलं होतं. नाही म्हणाल म्हणून विचारलं नाही."

"नाहीच म्हटलं असतं."

"भावाशी बोलू का मी?"

"नको. आता तुम्ही कोणाला काही सांगू नका."

सर मान खाली घालून जिना उतरले.

ती पुन्हा वर्गाला आली नाही. भाऊ तिच्याकडे जाऊ-येऊ लागल्याचं बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या कानावर आलं. कसं जमलं, हे त्यांनी विचारलं नाही.