रानातल्या बाईचा अर्थ

अठ्ठ्याहत्तर साली जरीपटका वस्तीत रुपराव मास्तरांच्या घरी दर गुरुवारी प्रार्थनासभा भरायची. मास्तर बायबलातलं प्रकटीकरणाचं पुस्तक उकलून सांगायचे. सात डोक्यांचं श्वापद म्हणजे कोण, अजगर म्हणजे कोण, सगळं. आणि रिवाज असा, की ज्या घरी सभा त्या घरच्या बाईनं चहासाठी आत राहायचं. म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, वच्छलाबाईनं. देवाची वाणी तिनं कायम स्टोव्हच्या आवाजातून ऐकली, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती दवाखान्यातली नर्स अरुंधती सभेला यायला लागल्यापासून. बया अगदी पुढं बसायची आणि विचारायची, "मास्तर, ते श्वापद समुद्रातूनच काहून निघते जी?" झालं! मास्तरांची कळी खुलायची. समुद्र म्हणजे राष्ट्रांची गर्दी, शिंगं म्हणजे राजे... तास तासभर! घरी हाच माणूस "मीठ कमी हाय" यापलीकडे तोंड उघडत नसे. वच्छलाचा आत नुसता जळफळाट व्हायचा.

"माह्याशी कधी एवढे बोलले काय वं?" तिनं शेजारच्या सिंधूताईला विचारलं.

"तू कधी काही विचारलं काय वं त्याइले?" सिंधूताई म्हणाली.

हे मात्र वच्छलाला झोंबलं. आठवडाभर तिनं येत्या गुरुवारचा अध्याय वाचून काढला. गुरुवारी चहाचं आधण ठेवलं, पदराला हात पुसले आणि सरळ बाहेर येऊन बसली, अरुंधतीच्याही पुढं! लोक बघतच राहिले.

मास्तर सांगत होते, "सूर्य पांघरलेली ही बाई म्हणजे आपली मंडळी, सारे ख्रिस्ती लोक. अजगराच्या भेवानं ती रानात पळाली."

"मी एक विचारू काय जी?" वच्छला म्हणाली. "रानात तिच्या खाण्याची सोय देवानं केली, असं लिवलं हाय. मंग तिच्यासाठी रांधलं कोणं? त्या रांधणारीचा अर्थ काय?"

दोघंतिघं हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बायकोकडं नीट पाहिलं.

"थांब वं. हे तं माह्या ध्यानातच नाही आलं कधी," ते म्हणाले आणि तिच्याकडं वळून बोलायला लागले. रांधणारे देवदूत असतील काय, का दुसरंच कोणी? फक्त तिच्याशी बोलत होते! वच्छलाचा ऊर भरून आला. घे, आता बस जळत, असं मनात म्हणून तिनं मागं पाहिलं, तर अरुंधतीची जागा रिकामी.

आधण उतू चाललं म्हणून अरुंधतीच आत गेली होती. चहाचा ट्रे घेऊनच बाहेर आली. मास्तरांनी बोलता बोलता एक घोट घेतला आणि वाक्य अर्धंच सोडलं.

"अरे बाप्पा! काय चहा झाला! अरुंधतीबाई, काय टाकलं जी याच्यात?"

मग आलं किती, वेलची कधी, दूध केव्हा, मास्तर एकेक विचारत राहिले. रांधणारीचा अर्थ तिथंच राहिला. वच्छलानं बशी तोंडाला लावली. मेला, चहा खरंच चांगला झाला होता.