ऐन लग्नसराईत आफ्रिका

“बाबा, ऑगस्टला जाऊ. सगळे तेव्हाच जातात,” अस्मिता म्हणाली, आणि अनंतराव केतकरांनी सवयीने पंचांग उघडलं. आफ्रिकेतल्या जनावरांनाही चातुर्मास असतो का, असं आनंदीबाईंनी नवऱ्याला विचारून घेतलं. पण जन्मभर लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाचं वर्ष मुहूर्तांवरच चालतं. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नातही ते कॅमेऱ्यामागेच होते आणि जेवले शेवटच्या पंगतीला.

अस्मिता हिंजवडीच्या आयटी कंपनीत. वडिलांच्या साठीनिमित्त तिने टांझानियाची फोटो-सफारी ठरवली होती. महिना तेवढा त्यांनी निवडायचा. ऑगस्टमध्ये वाइल्डबीस्ट या रानबैलासारख्या हरणांचे कळप नदीत उड्या घेतात, मगरी टपलेल्या असतात. शिवाय तेव्हा मुहूर्त नसल्याने कोथरूडचा स्टुडिओ बंद दिसला तरी कुणी भुवई उंचावणार नव्हतं. सगळं जुळत होतं. तरी अनंतरावांच्या मनात फेब्रुवारीच घर करून बसला होता. तेव्हा हिरव्या माळावर पिल्लं जन्मतात आणि लगेच धडपडत उभी राहतात. लग्नातही हार घालतानाचा फोटो कुणीही काढतं. त्यांची नजर कायम नवरीच्या आईवर असायची.

पण फेब्रुवारीत कुलूप दिसलं की गल्लीभर होणार, केतकरांना काम राहिलं नाही. आणि ते खरंच होतं. डिजिटल कॅमेरे आल्यापासून त्यांना फारसं कुणी बोलावत नव्हतं. हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

आनंदीबाईंनी ते बोलून टाकलं. “गेल्या फेब्रुवारीत घरीच होतात. यंदा कुणासाठी थांबताय?”

अनंतरावांना ते लागलं.

दुसऱ्या दिवशी वारज्याहून रावसाहेबांचा फोन आला. त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नांचे फोटो अनंतरावांनीच काढले होते. आता फेब्रुवारीत नातीचं लग्न होतं, आणि फोटोला अनंतरावच हवे होते. अनंतरावांचा ऊर भरून आला. ‘येतो’ अगदी ओठांवर होतं.

“तेव्हा मी मोकळा नाही, रावसाहेब,” ते म्हणाले.

“कुणाचं लग्न घेतलंत?”

“लग्न नाही. बाळंतपणं आहेत.”

रावसाहेबांना काही कळलं नाही. बरं, मग दुसरा बघतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतक्या सहज सोडलं, याचं अनंतरावांना वाईट वाटलं. मग हसूही आलं. संध्याकाळी त्यांनी अस्मिताला फेब्रुवारी कळवला.

निघायच्या आदल्या दिवशी ते दुकानाची पाटी लिहायला बसले. ‘सहलीनिमित्त बंद’ असं लिहा, आनंदीबाईंनी सुचवलं. अनंतरावांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘फोटोग्राफर कामानिमित्त परगावी.’

आनंदीबाईंनी ते वाचलं. टोमणा तयार होता. तो त्यांनी गिळला आणि शटरवर पाटी धरून त्या उभ्या राहिल्या, अनंतरावांना दोरी बांधता यावी म्हणून.