कोंडीराम मास्तरांचं मेंढरू

निजामाच्या राज्यात जळकोटच्या ख्रिस्ती मंडळीनं एकदा मनावर घेतलं, की गोऱ्या साहेबांसारखी आपणही परमुलखात सुवार्ता पोचवायची. परमुलूख म्हणजे उमरग्याच्या पल्याडचं एक कानडी गाव. जायला तयार झाले कोंडीराम मास्तर. आवाज दणदणीत, पण कानडीचा गंध नाही.

त्या गावात महालिंगप्पा नावाचा तेलाचा व्यापारी दोन्ही भाषा बोलायचा. दुभाष्या व्हायला तो आनंदानं कबूल झाला. पारावर माणसं जमली. मास्तरांनी येशूची हरवलेल्या मेंढराची गोष्ट लावली. धनी कसा रानोमाळ हिंडला, काट्याकुट्यात हाका मारत फिरला, हे सांगताना त्यांचे डोळे वाहू लागले. महालिंगप्पानं सगळं दोन वाक्यांत उरकलं. लोक हळहळले आणि बघता बघता काठ्या घेऊन उठलेच. पार रिकामा झाला.

"कुठं निघाले सगळे?" मास्तर गांगरले.

"तुमचं मेंढरू हुडकायला."

"अहो, माझं कुठं हरवलंय?"

"मग रडलात कशाला?" महालिंगप्पा म्हणाला. "म्या सांगितलं, बिचारा पार जळकोटाहून आलाय."

"ती गोष्ट होती! मेंढरू म्हणजे तुम्ही सगळे. सांगा त्यांना."

महालिंगप्पा मागं सरकला. "पाटलाला मेंढरू म्हणू? मला ह्याच गावात धंदा करायचाय, मास्तर."

दिवेलागणीला माणसं परतली ती पोटऱ्या ओरबाडून घेऊन, आणि एक काळं मेंढरू खांद्यावर टाकून. माणिकप्पा पाटलांनी ते मास्तरांच्या पुढ्यात सोडलं. इरम्मा कुंभारणीनं दोघांनाही ओवाळलं. आता नको कसं म्हणायचं? मास्तरांना भरून आलं आणि लाजही वाटली.

जळकोटला मंडळीचे वडीलधारे गोरोबाकाका बघतच राहिले. "मास्तर, आमी तुमाला माणसं आणायला धाडलं हुतं."

तरी रविवारच्या उपासनेत आभाराची प्रार्थना झाली, मेंढरू मागं बांधून. प्रार्थना रंगात आली आणि दारात एक धनगर उभा राहिला. धुळीनं माखलेला, बाकीचा कळप रानात सोडून माग काढत आलेला. त्यानं मेंढरू सोडलं, खांद्यावर घेतलं आणि मंडळीला कानडीतनं यथेच्छ शिव्या घालत चालता झाला. गोरोबाकाकांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी मोठ्यानं "आमेन" म्हटलं.

मास्तरांना हसू आवरेना. सोमवारी ते पुन्हा त्याच गावाला निघाले. ह्या खेपेला दुभाष्या नको म्हणून इरम्माच्या ओसरीवर मुक्काम टाकला. तिची माती तुडवून द्यायची आणि तिच्या तोंडचे शब्द उचलायचे, असं चाललं. पुष्कळ दिवसांनी त्यांनी एक वाक्य कानडीत जुळवलं, "मी मेंढरासाठी आलो नव्हतो."

"मग कशासाठी?" भाकरी थापता थापता इरम्मानं विचारलं.

तेवढं कानडी मास्तरांना अजून येत नव्हतं.

"जेवायला," ते म्हणाले.

इरम्मानं ताट वाढलं.